कॉफीची चव आणि जमिनीचा कागद

डिसेंबरात अराकू खोऱ्यात सूर्य उगवतो, पण नऊ वाजेपर्यंत दिसत नाही. धुके उतरणीवरून सरकत खाली येते आणि भातखाचरांवर रेंगाळते. त्या धुक्यातून सिल्व्हर ओकची उंच, सरळ खोडे तेवढी दिसतात. खोडांना मिरीचे वेल बिलगलेले असतात आणि त्यांच्या सावलीत माणसाच्या खांद्याइतकी कॉफीची झुडुपे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी मी एका आदिवासी कुटुंबाच्या बागेत उभा होतो. घरातली बाई, वय पन्नाशीच्या आसपास, कमरेला टोपली बांधून फळे तोडत होती. एका फांदीवर पंधरा-वीस फळे होती. तिने त्यांतील पाचच तोडली. गर्द लाल झालेली तेवढी. बाकीची केशरी, पिवळी, हिरवी फळे तिने तशीच ठेवली. आठवड्याने ती पुन्हा येणार होती, आणि त्यानंतरही दोन-तीनदा.

टोपली भरल्यावर ती अंगणात आली आणि सगळी फळे पाण्याने भरलेल्या पातेल्यात ओतली. काही फळे तळाशी बसली, काही तरंगत राहिली. तरंगणारी तिने ओंजळीने काढून बाजूला टाकली. रंगरूपात मला त्या दोहोंत काहीच फरक दिसेना. तिची मुलगी बारावीपर्यंत शिकलेली; माझ्या तोडक्यामोडक्या तेलुगूची कीव येऊन तिने दुभाष्याचे काम पत्करले होते. ती म्हणाली, “वर आलेली आतून पोकळ असतात. पूर्वी आम्ही सगळी एकत्रच वाळवायचो. व्यापारी सगळ्यांना एकच भाव द्यायचा, मग वेगळी कशाला काढायची?”

सनदी सेवेत तीन दशकांहून अधिक काळ घालवलेल्या माणसाला या एका वाक्यात कृषिधोरणाचा धडा ऐकू यावा, यात नवल नाही. शेतकरी गुणवत्तेकडे लक्ष देत नाही, अशी तक्रार मी असंख्य बैठकांत ऐकली आहे. क्वचित स्वतःही केली आहे. गुणवत्तेची किंमत मोजणारा कोणी समोर नसताना तिच्यासाठी राबायचे कशाला, हा प्रश्न त्या बैठकांत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

ऐंशी गुणांची कॉफी

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग १९७४मध्ये एर्ना नुटसेन या अमेरिकेतील कॉफी व्यापारी महिलेने रूढ केला. विशिष्ट हवामान आणि भूगोलातून विशिष्ट चवीचा दाणा तयार होतो आणि तो इतर मालात न मिसळता त्याच्या ओळखीनिशी विकला जावा, अशी तिची भूमिका होती. आज या संज्ञेला मोजता येण्याजोगा अर्थ आहे. प्रशिक्षित परीक्षक नमुना भाजून, दळून, गरम पाण्यात भिजवून चमच्याने चाखतात. सुगंध, आम्लता, घनता, जिभेवर रेंगाळणारी चव अशा निकषांवर शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर ती कॉफी या वर्गात मोडते. त्याआधी हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या दाण्यांचा ३५० ग्रॅमचा नमुना निवडून पाहतात. त्यात काळा, कुजका असा एकही मोठा दोष चालत नाही आणि किरकोळ दोष पाचापर्यंतच खपतात.

हे गुण प्रयोगशाळेत दिले जात असले तरी ते ठरतात बागेत आणि अंगणात. कॉफीचे फळ तोडले की त्याच्या आत आंबण्याची क्रिया सुरू होते. संध्याकाळपर्यंत साल निघाली नाही किंवा फळ पातळ थरात पसरले गेले नाही, तर रात्रीतून त्याला आंबूस वास लागतो आणि तो कोणत्याही भाजणीने जात नाही. साल काढल्यावर दाण्याभोवतीचा चिकट गर आंबवून धुवायचा, मग दाणे जमिनीवर न टाकता जाळीच्या मचाणावर पसरायचे, दिवसातून अनेकदा हलवायचे, दुपारच्या कडक उन्हात आणि रात्रीच्या दवात झाकायचे. ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत हे चालते. सहा किलोच्या आसपास पिकलेली फळे तोडावीत तेव्हा हातात जेमतेम एक किलो हिरवा दाणा पडतो.

या कुटुंबाची बाग सुमारे अडीच एकरांची. आई, वडील, मुलगा, सून आणि ही मुलगी असे पाच जण हंगामात राबतात. बहुतांश फळ ते त्याच दिवशी संकलन केंद्रावर वजनाने देतात. पण सर्वांत वरच्या तुकड्यातील फळ मात्र ते वेगळे ठेवतात आणि घरीच वाळवतात. वर गारवा अधिक. फळ हळूहळू, उशिरा पिकते आणि दाणा टणक होतो. कॉफी भाजून विकणारा एक लहान व्यावसायिक चार वर्षांपासून एवढाच माल नमुना चाखून घेतो आणि साध्या वाळवलेल्या फळाच्या हिशेबाने जवळपास दुप्पट दर देतो. त्या पैशातून मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघाला, घरावर पत्रे आले. घरचे लोक स्वतः मात्र अजूनही सकाळी नाचणीची आंबीलच पितात. आपल्या बागेतील कॉफी आईने पहिल्यांदा चाखली ती चार वर्षांपूर्वी, त्या व्यावसायिकाने पाठवलेल्या पुड्यातून. “कशी वाटली?” या माझ्या प्रश्नावर ती हसली आणि म्हणाली, “कडू.”

गुन्हेगार ते मानकरी

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या उतरणीचे आजचे कौतुक थोडे विचित्र वाटते. भारतात कॉफी आली ती सतराव्या शतकात. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. ब्रिटिश काळात ती मळेवाल्यांचे पीक झाली. १८६९मध्ये सिलोनमध्ये तांबेरा पडला आणि पुढील दोन दशकांत तिथल्या कॉफीचा निकाल लागून तिची जागा चहाने घेतली. दक्षिण भारतालाही त्या रोगाची झळ बसली. १९२५मध्ये म्हैसूर संस्थानात बाळेहोन्नूर येथे कॉफीचे प्रायोगिक केंद्र उघडले गेले. पूर्व घाटात कॉफीची झाडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली होती, पण तिथल्या आदिवासींच्या जीवनात तिला स्थान नव्हते. ते ‘पोडू’ करीत. डोंगरउताराचा एक तुकडा साफ करून, जाळून, दोन-तीन वर्षे नाचणी, वरई, कारळे घ्यायचे. मग तो पडीक टाकून दुसरीकडे वळायचे आणि काही वर्षांनी परतायचे.

१८८२च्या मद्रास वन अधिनियमाने हे डोंगर टप्प्याटप्प्याने ‘राखीव’ झाले आणि पोडू हा गुन्हा ठरला. जळण आणणे, गुरे चारणे, राब जाळणे या साऱ्यांवर दंड बसू लागला. रस्ताबांधणीसाठी वेठबिगारी आली. या असंतोषातूनच ऑगस्ट १९२२मध्ये अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली चिंतापल्ली, कृष्णदेवीपेटा आणि राजवोम्मंगी येथील पोलीस ठाण्यांवर हल्ले होऊन शस्त्रे लुटली गेली. मे १९२४मध्ये राजू मारले गेले आणि रम्पा बंड संपले. कायदे मात्र राहिले. शंभर वर्षांनी, एप्रिल २०२२मध्ये, पाडेरू मुख्यालय असलेला नवा जिल्हा निर्माण झाला, त्याला अल्लुरी सीताराम राजू यांचे नाव देण्यात आले. अराकू आज याच जिल्ह्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाची भाषा बदलली. पोडू करणारा आता गुन्हेगाराऐवजी ‘सुधारणा करण्याजोगा’ माणूस झाला. १९६०च्या दशकात वनविभागाने या डोंगरात कॉफीचे मळे लावले, आणि त्यांत आदिवासी होता तो मजूर म्हणून. पुढे कॉफी बोर्ड आणि आदिवासी विकास यंत्रणेने वेगळा मार्ग धरला. आदिवासी कुटुंबाला त्याच्याच उतारावर आधी सिल्व्हर ओकची रोपे द्यायची, सावली तयार झाली की कॉफी, आणि पुढे त्याच खोडांवर मिरी. ही योजना अनेक अडथळ्यांतून गेली. पण माझ्या मते आदिवासी भागांतील शेतीच्या सरकारी प्रयोगांत ती सर्वांत यशस्वी प्रयोगांपैकी एक आहे. तिच्या यशाचे कारण साधे आहे: मजुराला तिने बागायतदार केले.

१९७०च्या नियमनानेही येथे मोठे काम केले. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास त्याने बंदी घातली. १९९७च्या ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुढे नेऊन अनुसूचित क्षेत्रातील सरकारी जमिनी खासगी खाण कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता येणार नाहीत, असे सांगितले. कोडगू किंवा चिकमगळूरमध्ये पर्यटनाच्या तेजीत बागा कशा हात बदलतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या संरक्षणाचे मोल सांगण्याची गरज नाही.

भाव कोणाच्या हाती

बागायतदार होणे आणि भाव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी. १९४०च्या दशकापासून देशातील सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे. उत्पादकाला पैसे हप्त्यांनी मिळत आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत पुढचा हंगाम उलटून जाई. सगळा माल एकत्र मिसळत असल्याने कोणाची कॉफी चांगली, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९९२पासून ही पद्धत सैल होत गेली आणि १९९६मध्ये उत्पादकाला संपूर्ण विक्रीस्वातंत्र्य मिळाले. पण स्वातंत्र्य मिळाले ते नेमके वादळात. निर्यातीचा कोटा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची चौकट १९८९मध्येच कोसळली होती. २००१मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडामागे पन्नास सेंटच्याही खाली गेला. त्या काळात आठवडी बाजारात आलेला व्यापारी सांगेल तो भाव आणि दाखवेल ते वजन, अशीच अराकूची स्थिती होती. गिरिजन सहकारी महामंडळ १९५६पासून अस्तित्वात होते, पण प्रत्येक वाडीपर्यंत प्रत्येक हंगामात त्याची खरेदी पोहोचेलच, अशी खात्री नव्हती.

गेल्या दोन दशकांत चित्र पालटले. महामंडळाने खरेदी वाढवली, स्वयंसेवी संस्थांनी उत्पादकांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, पिकलेलेच फळ घेण्याची शिस्त आली. २०१७मध्ये पॅरिसमध्ये अराकूच्या नावाने दुकान उघडले. २०१९मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून ही कॉफी दिली जाऊ लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये जागतिक बाजारात अरेबिकाने पौंडामागे चार डॉलरची पातळी ओलांडली, तेव्हा अराकूतही दराच्या चर्चा रंगल्या.

या कौतुकात एक गोष्ट विसरली जाते. जागतिक भाव चढतो तेव्हा तो सर्वांसाठी चढतो आणि पडतो तेव्हाही सर्वांसाठीच पडतो. लहान उत्पादकाला या चढउतारापासून थोडेफार वाचवते ती चवीची वेगळी ओळख, कारण तिचा ग्राहक वायद्याचा भाव पाहून नव्हे, तर गेल्या वर्षीची चव आठवून परत येतो. देशातील कॉफीच्या खातेदारांपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक खातेदार दहा हेक्टरांखालील आहेत. ब्राझीलच्या यंत्राने तोडणी करणाऱ्या विस्तीर्ण मळ्यांशी त्यांनी स्वस्ताईत स्पर्धा करावी, ही अपेक्षाच व्यर्थ आहे. त्यांच्याकडे जे आहे ते म्हणजे उंची, सावली आणि एकेक फळ पाहून तोडणारे हात.

अर्थात, स्पेशालिटी कॉफी हा रामबाण उपाय नव्हे. तिचा ग्राहकवर्ग मर्यादित आहे. एका पावसाने वाळवण भिजले तर वर्षाचा वेगळा माल साध्या मालात जमा होतो. २०२५मध्ये अराकू परिसरात फळ पोखरणारा भुंगा आढळला आणि बाधित बागांतील फळे काढून नष्ट करावी लागली. हा भुंगा देशात प्रथम १९९०मध्ये निलगिरीच्या गुडलूर भागात सापडला होता. पूर्व घाट आजवर त्यापासून दूर होता. या कुटुंबानेही नाचणी, हळद आणि राजमा सोडलेला नाही, हे त्यांचे शहाणपण आहे. मिरीचा पैसा तर वाईट वर्षी कॉफीपेक्षा अधिक कामी येतो.

वरचा तुकडा

दुपारी वडिलांनी पत्र्याची पेटी उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला वनहक्काचा पट्टा माझ्यासमोर ठेवला. पती-पत्नी दोघांची नावे, दोघांचे छायाचित्र. २००६च्या वनहक्क कायद्याने हे बंधन घातले आहे की विवाहित दावेदाराचा हक्क दोघांच्या संयुक्त नावे नोंदवावा. हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. कागदावर क्षेत्र होते दीड एकर. बाग आहे अडीच एकर. वरचा एक एकर कागदावर नाही. आणि घरात दुप्पट दर आणणारी कॉफी नेमकी त्या एक एकरातून येते.

“दावा अडीच एकरांचाच केला होता,” वडील म्हणाले. “साहेब लोक आले, खालून पाहून गेले. वर चढले नाहीत. मग म्हणाले, वर जंगल आहे, शेती नाही.”

मी वर चढून गेलो. दुरून पाहिले तर तिथे खरोखर जंगलच दिसते. सिल्व्हर ओक आहेत, जुनी फणसाची आणि आंब्याची झाडे आहेत. झुडुपे त्यांच्या सावलीत दडलेली. सावली काढली तर उन्हात वाढलेल्या अरेबिकाच्या खोडात पांढरा खोडकिडा शिरतो, म्हणून शहाणा बागायतदार सावली राखतो. थोडक्यात, त्यांनी बाग जितकी चांगली राखली, तितकी ती कागदाच्या दृष्टीने शेती उरली नाही.

इथे मला माझ्याबद्दल सांगितले पाहिजे. वनहक्क कायद्याच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका राज्यात, दाव्यांच्या आढाव्याची जबाबदारी काही काळ माझ्याकडे होती. दरमहा तक्ते येत: प्राप्त दावे, मंजूर, नामंजूर, प्रलंबित. वरून विचारणा होई ती प्रलंबित आकड्याची. दावा मंजूर झाला काय किंवा नामंजूर झाला काय, तो प्रलंबित रकान्यातून बाहेर पडे आणि तक्ता सुधारे. कित्येक नामंजुरींपुढे एकच शेरा असे: ‘उपग्रह प्रतिमेत लागवड आढळत नाही.’ मी त्या शेऱ्यांखाली सह्या केल्या. ज्या डोंगराळ तालुक्यातील ते दावे होते तिथे लोक झाडांखाली हळद, आले, मिरी घेतात, हे मला ठाऊक होते. पण झाडांखालचे पीक आकाशातून दिसणार कसे, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. २०१२मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट झाले की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, दगडी बांध, विहीर, दफनभूमी हे सारे पुरावे कायद्याला मान्य आहेत. तोवर मी त्या पदावरून गेलो होतो. माझ्या सह्यांखालचे किती दावे पुन्हा उघडले गेले, याची मी कधी चौकशी केली नाही.

कायद्यांची गुंतागुंत इथेच संपत नाही. १९८०च्या वन अधिनियमात चहा, कॉफी, मसाल्याची पिके यांची लागवड हा ‘वनेतर’ उपयोग मानला आहे. म्हणजे वरचा एक एकर मोजणी करणाऱ्याच्या लेखी जंगल आहे म्हणून शेती नाही. आणि तिथे कॉफी आहे हे सिद्ध केले तर तो जंगलाचा गैरवापर ठरू शकतो. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासूनचा कब्जा वनहक्क कायद्याखाली मान्य झाला, तरच या दोन पात्यांच्या कात्रीतून कुटुंब सुटते. या तुकड्यात वडिलांच्या वडिलांनी रचलेला दगडी बांध आहे. शेवाळलेला, पण जागेवर.

वनखात्याचे म्हणणे मी हलके मानत नाही. २००५नंतर झाडे तोडून केलेली अतिक्रमणे जुनी म्हणून दाखवण्याचे प्रकार देशभर झाले आहेत, आणि प्रत्येक फुगवलेला दावा खऱ्या दावेदाराचा विश्वास खातो. पण खरे-खोटे पारखायचे असेल तर डोंगर चढावा लागतो. संगणकासमोर बसून केलेली छाननी खोट्यालाही पकडत नाही आणि खऱ्यालाही न्याय देत नाही.

बाहेरून आलेला प्रश्न

इतकी वर्षे हा प्रश्न फक्त या कुटुंबाचा होता. आता तो बाजाराचा होणार आहे. युरोपीय संघाने २०२३मध्ये जंगलतोडीविरोधी नियम केला. ३१ डिसेंबर २०२०नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरील कॉफी, कोको, रबर, सोया आदी माल युरोपात विकता येणार नाही. मालासोबत तो जिथे पिकला त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. आणि उत्पादन त्या देशाच्या कायद्यानुसार, जमीन वापराच्या हक्कांसह, झालेले असले पाहिजे. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असली तरी दिशा स्पष्ट आहे. इटली, जर्मनी, बेल्जियम हे भारतीय कॉफीचे मोठे ग्राहक आहेत. कॉफी बोर्डाने बागांच्या नोंदणीचे काम हाती घेतले आहे, ते योग्यच आहे.

गेल्या वर्षी या कुटुंबाच्या ग्राहकाचा माणूस मोबाइल घेऊन बागेच्या कडेने चालला. खालच्या भागाचा नकाशा पट्ट्याशी जुळला. वरचा तुकडा नकाशावर ‘राखीव वन’ म्हणून आला. त्याने काही आक्षेप घेतला नाही. इतकेच म्हणाला की परदेशी माल पाठवायची वेळ आली तर वरच्या तुकड्याचा माल घेता येणार नाही. एकही झाड न तोडणाऱ्या बागेला जंगलतोडीविरोधी नियमाने बाहेर ठेवावे, असे हे त्रांगडे आहे. युरोपला दोष देऊन ते सुटणार नाही. त्या नियमाने विचारलेला प्रश्न, ही जमीन कोणाची, आपणच वीस वर्षांपूर्वी कायदा करून विचारला होता आणि त्याचे उत्तर अर्धवट सोडले होते.

उपाय फार खर्चिक नाहीत. कमी क्षेत्रावर मंजूर झालेले आणि केवळ प्रतिमेच्या आधारे नाकारलेले दावे कॉफी असलेल्या प्रत्येक वाडीत ग्रामसभेसमोर पुन्हा उघडावेत. मोजणी प्रत्यक्ष सीमेवर चालून, वनरक्षक आणि गावातील वयस्क माणूस दोघांच्या उपस्थितीत व्हावी. बागांच्या नोंदणीसाठी जो माणूस यंत्र घेऊन डोंगर चढणार आहे, त्याच्याच फेरीत हे काम होऊ शकते. एकाच उतारावर तीन खात्यांनी तीन नकाशे करण्याची गरज नाही. पट्टेधारकाच्या मृत्यूनंतर वारसनोंद ठरावीक मुदतीत व्हावी आणि तीत मुलींची नावे असावीत, कारण नमुना चाखायला शिकलेली, ओलावा मोजणारी पिढी बहुतेक घरांत मुलींची आहे. संकलन केंद्रावर वजनाच्या पावतीत प्रतवारीही लिहिली जावी, म्हणजे चांगल्या तोडणीचे पैसे कोणाला मिळाले हे घरात कळेल. वाळवणीसाठी जाळीचे मचाण आणि ताडपत्री यांना अनुदान द्यायचे तर ते नोव्हेंबरपूर्वी पोहोचावे. फेब्रुवारीत आलेली ताडपत्री फक्त लेखापरीक्षकाच्या कामाची.

या साऱ्यात पहिली गोष्ट मात्र कागदाचीच आहे. कॉफीचे झाड पहिले पीक द्यायला तीन-चार वर्षे घेते आणि नीट राखले तर तीसेक वर्षे जगते. सिल्व्हर ओकची सावली त्याआधी तयार व्हावी लागते. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही, याची ज्याला खात्री नाही तो मिळेल ते फळ ओरबाडून विकेल. लाल होईपर्यंत थांबणार नाही. थांबणे हा हक्काची जमीन असलेल्या माणसाचाच विशेषाधिकार असतो. आपल्या कॉफीच्या चवीबद्दल जे काही बोलले जाते, त्याच्या मुळाशी हे थांबणे आहे.

निघण्यापूर्वी मुलीने एक वही आणली. वरच्या तुकड्यासाठी नव्याने दावा करायचा होता आणि अर्जाचा मसुदा तिने स्वतः लिहिला होता. आम्ही दोघांनी अंगणात बसून तो पुन्हा वाचला. पुराव्यांच्या यादीत दगडी बांध होता, पण आजोबांचे दफनस्थळ नव्हते. ते त्याच तुकड्याच्या वरच्या कडेला आहे, हे बोलता बोलता आईने सांगितले. तिला तो पुरावा असेल असे वाटले नव्हते. मुलीने ते लिहून घेतले. शेजारच्या वाडीतील दोन वृद्धांचे जबाब घ्यायचे ठरले. ग्रामसभा जानेवारीत होती.

अर्जाखाली मला सही करता येत नव्हती. मी तिथला कोणीच नव्हतो. पातेल्यातील पाणी तोवर कोणीतरी ओतून दिले होते आणि तळाशी बसलेली फळे जाळीवर पसरली जात होती. आईने मला पाव किलोचा पुडा दिला. त्यावर उंची, जात, तोडणीचा महिना आणि वाळवण्याची पद्धत बारीक अक्षरांत छापली होती. मी पैसे देऊ केले, ते तिने घेतले. चांगल्या दरानेच घेतले, याचा मला आनंद झाला.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)